अंबुजा घरात नाही

पत्रिकेच्या चौथ्या कोपऱ्यावर हळदीचं बोट जरा जास्तच ओलं पडलं होतं, आणि तिथून एक पिवळा ओघळ छापलेल्या अक्षरांकडे सरकत होता. पुसावा की राहू द्यावा, हे ठरत नव्हतं, कारण पुसायला गेलं तर कागद फाटायचा, आणि बाकीच्या पत्रिका गोपालकृष्णानं यादीबरहुकूम गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या. त्यातली आणखी एक मागायची म्हणजे कोणासाठी ते सांगणं आलं... आणि ते सांगायला आपण घाबरतो आहोत, हे लक्षात आल्याबरोबर अंबुजाबाईंना स्वतःचाच राग आला. छप्पन्नाव्या वर्षी, पोटच्या मुलाला! त्यांनी ओघळ तसाच राहू दिला, टाक शाईत बुडवला, आणि पत्रिकेवर तमिळ अक्षरांत ठसठशीत लिहिलं — श्रीमती शिवकामी, तिरुविसनल्लूर.

पत्रिका त्यांच्या यजमानांच्या साठीची होती. या मुलखात नवऱ्याला साठ वर्षं पुरी झाली की नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात. होम होतो, दोघांना शेजारी-शेजारी पाटावर बसवून कलशांच्या पाण्यानं न्हाऊ घालतात, मुलं-नातवंडं समोर उभी असतात आणि म्हातारा नवरा म्हातारीच्या गळ्यात पुन्हा ताली, म्हणजे इथलं मंगळसूत्र, बांधतो. कृष्णमूर्ति रावांची साठी बारा दिवसांवर आली होती. अडीचशे वर्षांपूर्वी हे घराणं सातारच्या बाजूनं इकडे तंजावरच्या मुलखात आलं, घरात अजून मराठी बोलतं, पण साठी मात्र इथल्यासारखीच करतं. आचारी ठरला होता, होमाचे वाध्यार, म्हणजे भटजी, ठरले होते, मद्रासेहून वकील मुलगा रजा काढून आला होता. सगळं ठरलं होतं. अंबुजाबाईंना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यातही नवीन काही नव्हतं.

"हें कोण, आई?" गोपालकृष्ण पाठीशी येऊन उभा होता. "शिवकामी... कोणाच्या घरची?"

"माझी मैत्रीण."

तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "तुज मैत्रीण कोठची, आई?"

कोठची! या घरात त्या सून होत्या, जाऊ होत्या, मास्तरांची बायको होत्या, आई होत्या, आता आजी होत्या. पण त्यांची म्हणून कोणी एक बाई असेल, जिला त्या 'अगं' म्हणत असतील, जिच्यासाठी त्या धावत गेल्या असतील, हे या मुलाच्या मनात कधी आलंच नव्हतं... आणि त्याच्या मनात कसं येणार? मी तरी ते कधी येऊ दिलं?

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या थांबल्या. कृष्णमूर्ति रावांनी हिंदू पेपर खाली घेतला. "अगे, ती नाचणाऱ्यांच्या घरची? तुझ्या बापाच्या दारीं येत होती ती?"

"तीच."

"अजून आहे?"

"आहे. तिरुविसनल्लूरला असते, मुलीपाशीं. फुलवाली सांगत होती."

"बरें. टपालानें धाडून दे." त्यांनी पेपर पुन्हा वर केला. गोष्ट मिटली, असं त्यांना वाटलं असावं.

"टपालानें नक्को. मी जाऊन कुंकू लावून बोलावणार."

आता पेपर घडी होऊन बाजूला पडला. "हें बघ, कायदा झाला, सरकारनें देवळांतले नाच बंद केले, सगळें खरें. मज व्यक्तिशः कांहीं नाहीं. पण वाध्यार काय म्हणतील? आचारी काय म्हणतील? तिज बसवायची कोठें?"

"माझ्या शेजारीं."

"आई," गोपालकृष्ण कोर्टात समजुतीनं बोलतात तशा आवाजात म्हणाला, "चाळीस वर्षें नाहीं आठवली ती तुज, आतांच कां?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते त्याला द्यायचं नव्हतं. अंबुजाबाई उठल्या. गुडघ्यात कळ आली, तरी उठल्या. चांदीचा कुंकवाचा करंडा, चार विड्याची पानं, सुपाऱ्या आणि ती पत्रिका त्यांनी कापडी पिशवीत घातली. मग उंबऱ्याशी वळून म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका स्वच्छ निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं, "ती येणार नसेल, तर मीही पाटावर बसायची नाहीं. वाध्यारांस विचारून ठेवा, बायकोवाचून साठी होते कां."

मागून सून कामाक्षी छत्री घेऊन धावत आली. छत्री देताना सासूच्या हाताभोवती तिची बोटं क्षणभर जास्त राहिली, आणि मग हळूच, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजली, "वेप्पत्तूरची बस, आई. तिरुविसनल्लूर वाटेंतच लागतें. कंडक्टरला सांगा, तो हांक मारील."

बसमध्ये त्या एकट्या कधी बसल्या नव्हत्या. खिडकीच्या गजाला धरून त्या ताठ बसून राहिल्या, जणू कोणी येऊन उठवील. महामहमच्या तळ्याभोवतीच्या मंडपांना चुना लागत होता. येत्या मासी, म्हणजे माघ महिन्यात बारा वर्षांनी भरणारा मेळा, लाखो माणसं... एकोणीसशे नऊच्या मेळ्यात त्याच पायऱ्यांवर त्या दोघी हरवल्या होत्या. दहा-दहा वर्षांच्या. गर्दीनं उचलून नेलं होतं दोघींना, पाय जमिनीला लागत नव्हते, आणि शिवकामीनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की पुढे आठ दिवस बोटांचे वळ होते. "मी सोडणार नाही, तूही सोडू नकोस," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वडिलांना त्या सापडल्या तेव्हा दोघी ओल्या परकरांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

वडील... त्यांच्याकडे जुनी मराठी बाडं होती, तंजावरच्या राजांच्या वेळची, नाचात गायची पदं. शिवकामीची आजी ती पदं देवळात नाचायची. म्हातारीला ती तिच्या आजीनं शिकवलेली, पण अर्थ एकीलाही ठाऊक नाही, उच्चार झिजून झिजून भलतेच झालेले. म्हातारी अर्थ विचारायला यायची. वडील ओट्यावर, म्हातारी खाली पायरीवर, आणि दोघी मुली मध्येच कुठेतरी. उच्चार शिकवायचं काम वडिलांनी अंबुजावर सोडलं होतं. एका पदात 'भेट' हा शब्द तीनदा यायचा, आणि शिवकामी तीनदा 'बेट' म्हणायची.

"अगं, बेट म्हणजे नदीच्या मधोमध जमीन असते ती! भे... भे... श्वास सोड ना!"

मग तोंडापुढे तळहात धरायचा. श्वासाचा झोत तळव्याला लागला, तर 'भ' झाला. एकमेकींच्या तोंडापुढे हात धरून, खोकेपर्यंत, हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शिवकामीच्या श्वासाला सुपारीचा वास यायचा, लहानपणापासून... बाराव्या वर्षी अंबुजाचं लग्न झालं. सासरचं घर त्याच गावात, पाच गल्ल्या पलीकडे. पाच गल्ल्या! माणसं काशीला जाऊन येतात.

बस कावेरीच्या पुलावर आली. पाणी पुष्कळ होतं, गढूळ, दोन्ही काठ भरून. पुढे भातशेतं, केळीच्या बागा. हा रस्ता नवा नव्हता. दर वर्षी कार्तिकातल्या अमावास्येला मोटार ठरवून सगळं घर याच रस्त्यानं तिरुविसनल्लूरला जायचं, अय्यावाळांच्या मठातल्या विहिरीच्या पाण्यानं स्नान करायला. आणि दर वर्षी मोटारीत हे ती गोष्ट सांगायचे — अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न दारात आलेल्या भुकेल्या, शिवायचं नाही अशा माणसाला वाढलं, गावानं त्यांना वाळीत टाकलं, गंगेत न्हाऊन ये म्हणाले, तर गंगाच त्यांच्या विहिरीत आली. सांगताना यांचा गळा दाटून यायचा, दर वर्षी, तिथेच, त्याच वाक्याला. खोटा नव्हता तो गळा. तेच तर अवघड होतं... आणि ती स्वतः? ती ओल्या लुगड्यानं विहिरीपासून मोटारीपर्यंत चालत यायची, दोन गल्ल्या पलीकडे शिवकामी आहे हे ठाऊक असताना, सहा वर्षं, आणि मान वळवायची नाही. हे चुकतात म्हणावं तर मी काय करत होते?

आणि आतांच कां, मुलगा विचारत होता.

कारण पुन्हा लग्न लावायचं म्हणतात. पुन्हा म्हणजे सगळं पुन्हा ना? मग आधीच्या चव्वेचाळीस वर्षांतलं काय काय पुन्हा होणार, आणि काय नाही?

एकोणीसशे अठ्ठावीस. दुपार. पुरुष जेवून शाळा-कचेऱ्यांत गेलेले. ती मधल्या खोलीत उडीद पाखडत होती, आणि ओट्यावरून आवाज आला. सोळा वर्षांनी ऐकलेला, तरी पहिल्याच अक्षराला ओळखलेला. "अंबुजम आहे का?" तिला अंबुजम म्हणणारं जगात एकच माणूस. सूप हातातच थांबलं. सासूबाई दारात गेल्या, आणि त्यांचा तो कोरडा, शांत आवाज, "अंबुजा घरात नाही." बस्स. पुढे काही नाही. गजांच्या खिडकीतून तिला ओट्याचा कोपरा दिसत होता: शिवकामीच्या लुगड्याचा काठ, आणि तिच्याजवळ उभी सात-आठ वर्षांची एक मुलगी, तेल लावून वेणी घातलेली. थोडा वेळ दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग काठ हलला. पावलं उतरून गेली. ती उठली नाही... सासूबाई आत आल्या, तिच्याकडे न बघता पाण्याचा तांब्या उचलून परसात गेल्या, आणि सत्तावीस वर्षांत त्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

कशाला आली असेल ती? किती वेळा हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला होता — वाती वळताना, बाळंतिणीच्या खोलीत, देवळाच्या प्रदक्षिणेत. कशाला आली असेल? काही हवं असेल का? आजारी असेल? आजी वारली हे सांगायला? प्रश्न गोंजारत ठेवला होता, देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखा, रोज धुऊन पुसून. आणि आता वेप्पत्तूरच्या बसमध्ये, खिडकीतून भाताचा वास येत असताना, अंबुजाबाईंना एकाएकी कबूल करावं लागलं की तो प्रश्न नव्हताच. मुलीच्या हातात पाटी होती. लाकडी चौकटीची, कोरी, नवी पाटी, छातीशी धरलेली. ती दिसली होती. त्याच क्षणी दिसली होती आणि त्याच क्षणी कळलंही होतं. त्या वेळी हे गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, मुली भरती करून घ्यायचं कामही यांच्याचकडे होतं. शिवकामीच्या घरात अक्षर सगळ्यांनाच येत होतं, तमिळ काय, तेलुगू काय. अक्षरासाठी ती आली नव्हती. शाळेतून पुढे परीक्षा, पुढे मास्तरीण, नर्स — देवळातून बाहेर पडायची ती एक वाट होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी मी सूप धरून बसले होते.

मला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

कंडक्टरनं हाक मारली तेव्हा त्यांना वाटलं, न उतरता असंच पुढे जावं. मग त्या उतरल्या.

घर सापडायला वेळ लागला नाही. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, कौलारू, ओट्यावर शिवणाचं मशीन. मशीनवर पस्तिशीची एक बाई, कमरेला टेप खोचलेला, दातांत दोरा. तिनं वर बघितलं. नऊवारी, तीही ब्राह्मण पद्धतीनं नेसलेली, म्हणून ती चटकन उठली आणि तमिळमध्ये म्हणाली, "या, मामी. चोळी शिवायची आहे?"

"शिवकामी आहे का घरात?"

बाईनं दोरा दातांनी तोडला. "आहे. आमच्याकडे कोणी घरात असलं, तर आहे असंच सांगतात."

हीच. धनलक्ष्मी, फुलवालीनं नाव सांगितलं होतं. वेणीवाली. तिला आपली ओळख द्यावी लागली नाही. आईनं कधीतरी ती दिलीच असणार. धनलक्ष्मीनं आतून पाण्याचा लोटा आणला आणि पुढे धरला — सरळ हातात देत नव्हती, खालीही ठेवत नव्हती, मध्येच धरून बघत होती. अंबुजाबाईंनी लोटा घेतला आणि तोंड लावून सगळं पाणी प्यायल्या.

"कोठूनि येणें झालें?" आतून आवाज आला. मराठीत. जुन्या, दरबारी, पदांतल्या मराठीत.

शिवकामी दारात उभी होती. बारीक झाली होती, केस पांढरेशुभ्र, पण पाठ अशी सरळ की अंबुजाबाईंनीही नकळत आपली पाठ सरळ केली. तोंडात विडा होता. तिनं त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं, सावकाश, आणि मग म्हणाली, "तुझी भेट होईल, असें वाटलें नव्हतें." त्या 'भ'चा श्वास अगदी पुरा होता.

पुढचं सगळं ती तमिळमध्ये बोलली.

दोघी ओट्यावर बसल्या. मशीन थांबलेलं होतं, पण धनलक्ष्मी तिथेच उभी राहिली, दाराच्या चौकटीला टेकून. अंबुजाबाईंनी पिशवीत हात घातला, आणि करंडा काढायच्या ऐवजी, ज्यासाठी इतकी वर्षं शब्द जुळवले होते ते सगळे विसरून, एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी मी घरात होते."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"सूप वाजत होतं. मी तुझं नाव घेतलं आणि सूप थांबलं. घरात कोणी नसेल, तर सूप थांबेल कसं?" शिवकामी हसली, विड्यानं लाल झालेले दात दाखवत. "तुझ्या सासूला वाटलं, मला फसवलं. मी आपली उभी राहिले. म्हटलं, पुन्हा वाजतंय का बघू. वाजलं, तर ती घाबरली आहे आणि काम पुढे चालवते आहे. नाही वाजलं, तर... नाही वाजलं. मग आले निघून."

"पाटी दिसली होती मला," अंबुजाबाई म्हणाल्या. "कळलं होतं, कशासाठी आली होतीस ते. मी स्वतःला सांगत राहिले की कळलं नव्हतं."

यावर शिवकामी हसली नाही. तिनं तोंडातला विडा गल्लीकडेच्या गटारात थुंकला, पदरानं ओठ पुसले. तळ्यावर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"त्याच वर्षी हिच्या गळ्यात देवाच्या नावाची ताली बांधली," ती म्हणाली, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी. "माझ्या आजीनं बांधली. मी कोणाच्या जोरावर नाही म्हणणार होते? एकोणीस वर्षं नाचली. मग कायदा झाला. आता बाह्या शिवते, चांगल्या शिवते."

अंबुजाबाईंनी पत्रिका पुढे केली. शिवकामीनं ती घेतली नाही. धनलक्ष्मीनं चौकटीवरून हात लांब करून घेतली, आणि मोठ्यानं वाचू लागली — एकही अक्षर न अडखळता, संस्कृत शब्दांसकट, गायिकेच्या स्पष्ट उच्चारांत, होमाची वेळ, मुहूर्त, स्थळ. मग तिनं पत्रिका उलटी केली. मागे इंग्रजीत छापलेलं होतं.

"या बाजूचं मला येत नाही, मामी," ती म्हणाली. "ते शाळेत शिकवतात."

तिनं पत्रिका मशीनवर ठेवली, नीट, सुईच्या बाजूला. अंबुजाबाईंना वाटलं, आता रडू येईल, आणि त्यांनी दात आवळून ते येऊ दिलं नाही. इथे रडायचा हक्क माझा नव्हे.

"मी बोलवायला आले आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारी बस. मी पाटावर बसेन, तेव्हा तू माझ्या शेजारी हवीस."

"कशाला?" शिवकामीनं विचारलं. "माझ्यासाठी, की तुझ्या त्या सुपासाठी?"

अंबुजाबाईंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"हे बघ, अंबुजम. तुझ्या छातीवरचं उतरवून घ्यायला मी येणार नाही. ते तुझं आहे, तूच वागव. होमाच्या धुरात एका कोपऱ्यात बसायचं, सगळ्यांनी बघायचं, कुजबुजायचं, आणि तू म्हणायचं की बघा मी हिला बोलावलं... नको. यायचंच झालं, तर मी जेवायला येईन. पहिल्या पंगतीला. तुझ्या वाध्यारांच्या, जावयांच्या ओळीत. माझं पान, आणि हिचं पान. आहे कबूल?"

कबूल! आचारी पळी टाकून जातील. वाध्यार अर्ध्या होमातून उठतील. कामाक्षीच्या माहेरचे, मोठी नणंद, तिचे जावई... अंबुजाबाईंच्या डोळ्यांपुढून ती सगळी पंगत झरझर सरकली, केळीच्या पानांची लांब हिरवी ओळ आणि त्यावर एकामागून एक उठून जाणारी माणसं. आणि गंमत अशी की त्या रिकाम्या ओळीची त्यांना भीती वाटली नाही. उलट काहीतरी चेतलं. महामहमच्या गर्दीत पाय सुटले होते तेव्हा वाटलं होतं तसं काहीतरी — आता पडू, पण मनगट धरलेलं आहे.

"कबूल," त्या म्हणाल्या.

"घरी जाऊन विचारायला नको?"

"नको."

शिवकामीनं मुलीकडे पाहिलं. धनलक्ष्मी आत गेली, आणि भांड्यांचे आवाज आले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केळीचं पान होतं. "आईला शब्द पुरतात, मला नाही," ती म्हणाली. "मामी, आधी तुम्ही बसा. आमची पंगत आताच आहे."

भात, वांग्याचं सांबार, ताक. साधंच. दोघी समोरासमोर जेवल्या, धनलक्ष्मीनं वाढलं. दुसऱ्या घासाला शिवकामी म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि अंबुजाबाई म्हणाल्या, "हो, कमी आहे," आणि धनलक्ष्मी चिडून मीठ घेऊन आली. एवढंच काय ते बोलणं झालं. निघताना अंबुजाबाईंनी कुंकू पुढे केलं. शिवकामीनं ते लावून घेतलं. पण ती येते म्हणाली नाही, आणि नाही असंही म्हणाली नाही.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण होत आली होती. सगळे बाहेरच्या खोलीत होते, कोणी मुद्दाम बसवल्यासारखे: हे झोपाळ्यावर, गोपालकृष्ण खांबाला टेकून, कामाक्षी दाराआड.

"वाध्यारांस विचारलें," कृष्णमूर्ति राव म्हणाले. ते थकलेले दिसत होते. "होमाच्या वेळीं ती अंगणांत बसली, तर त्यांची हरकत नाहीं. मी फार बोललों त्यांच्याशीं, अगे. एवढें तरी मी केलें."

त्यांनी ते खरोखर केलं असणार. अंबुजाबाईंना त्यांची दयाही आली, मायाही आली. पण त्या थांबल्या नाहीत.

"अंगणांत नक्को. ती होमास येणारच नाहीं. आली तर जेवायला येईल, मुलीस घेऊन. पहिल्या पंगतीस. मी शब्द दिला आहे."

"आई!" गोपालकृष्ण म्हणाला.

"आणि मी तिच्या घरीं जेवून आलें. भात, सांबार, ताक. मुलीनें वाढलें." त्या नवऱ्याकडेच बघत होत्या. "तेव्हां मी आतां पाटावर बसायला चालेन कीं नाहीं, तें तुम्हीं ठरवा. वाध्यारांनीं नव्हे. तुम्हीं. अय्यावाळांची गोष्ट मज तुम्हींच सांगितली."

कृष्णमूर्ति रावांच्या चेहऱ्यावर राग यायला लागला, आणि मध्येच कुठेतरी तो अडकला, आणि ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांना घाई करावी, समजूत घालावी, 'तसं नव्हे हो' म्हणावं — चव्वेचाळीस वर्षांची सवय ओठांपर्यंत आली होती. अंबुजाबाईंनी ती गिळली. आल्यावर आंघोळ करायला हवी होती, सगळे त्याचीच वाट बघत होते, विहिरीवर जाईल, लुगडं भिजवील... त्या विहिरीवर गेल्या नाहीत. तशाच खाली, भिंतीला पाठ लावून बसल्या. पाय ठणकत होते. ठणकू देत.

कामाक्षीनं कापीचा पेला आणून त्यांच्यापुढे ठेवला.

येईल का ती? सांगता येत नव्हतं. हे हो म्हणतील का? तेही नाही. पंगत बसेल की उठेल, साठी होईल की मोडेल, पुढच्या बारा दिवसांत या घरात काय काय बोललं जाईल... ते सगळं पलीकडे, दुसऱ्या कोणाच्या घरातल्या भांडणासारखं ऐकू येत होतं. त्यांच्या मनाला वेगळंच काहीतरी टोचत होतं. आपण गेलो, बसलो, जेवलो, आपलं सगळं सांगून मोकळे झालो. पण तिला काय विचारलं? एक अक्षर नाही. तिच्या आजीचं शेवटी काय झालं, तिला रात्री झोप येते का, डाव्या हाताची दोन बोटं ती वाकवत नव्हती ती कशानं, धनलक्ष्मीला मुलं आहेत का, आत पाळण्याची दोरी दिसली होती ती कोणाची... काहीच नाही! चव्वेचाळीस वर्षांनी मैत्रिणीच्या घरी गेले आणि स्वतःबद्दलच बोलून आले.

त्यांना हसू आलं. तिघांनीही चमकून पाहिलं.

शुक्रवारी जायला हवं. पत्रिका नको, कुंकू नको, कारणच नको. नुसतं जायचं आणि विचारायचं, कशी आहेस गं? आणि मग गप्प बसून ऐकायचं, बस चुकली तरी.

कापी गरम होती. त्यांनी ती निवू न देता, जीभ पोळत, सावकाश प्यायला सुरुवात केली.